थकवा अंगवळणी पडण्याआधी

नोकरी आणि संसार दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीला ‘स्वतःकडे लक्ष दे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते लक्ष दिवसाच्या कोणत्या वेळी आणि नेमके कशाकडे द्यायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते सुरुवात योगवर्गाने किंवा आहाराच्या तक्त्याने न करता रक्ताच्या तपासणीने करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना लागणारी धाप, दुपारनंतरची डोकेदुखी, मूठभर गळणारे केस या साऱ्याला आपण ‘धावपळ होते ना’ एवढ्यावर सोडून देतो.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय समजतात. त्यासोबत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), थायरॉइड, बी-१२ आणि साखर यांपैकी काय तपासायचे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर तेही न संकोचता सांगावे. कारण रक्त जात राहिले, तर नुसत्या पालेभाजीने ते भरून निघत नाही.

यानंतर चहाकडे वळू. डबा खाऊन झाला की लगेच चहा घेण्याची कार्यालयांतील रीत लोहाच्या दृष्टीने घातक आहे, कारण चहातील टॅनिन अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणते. चहा सोडण्याची गरज नाही, तो जेवणापासून तासभर दूर ठेवावा. डब्यातील उसळीवर लिंबू पिळावे किंवा सोबत पेरूची फोड ठेवावी, म्हणजे क जीवनसत्त्वामुळे तेच लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. अळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीसाठी राखून ठेवण्याचेही काही कारण नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असल्यास ती दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. शौचाचा रंग काळपट झाला म्हणून घाबरून, किंवा महिनाभरात बरे वाटू लागले म्हणून, ती परस्पर बंद करू नये. हिमोग्लोबिन वाढले, तरी शरीरातील लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

खरी अडचण मात्र गोळीत किंवा लिंबात नसून वेळेत असते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणून आठवडाभर एका वहीत केवळ केलेली कामेच नव्हे, तर लक्षात ठेवलेली कामेही लिहावीत: दुधाचा हिशेब, मुलाच्या शाळेची फी, सासूबाईंच्या औषधांची पट्टी संपत आल्याचे भान. त्यांतील एक काम समूळ दुसऱ्याकडे सोपवावे. ‘मदत करा’ म्हटले की जबाबदारी आपल्याकडेच राहते. मुलाचा डबा पतीकडे गेला, तर भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सारे त्यांचे, आणि पहिले पंधरा दिवस पोळीच्या आकाराविषयी आपण अवाक्षर काढायचे नाही. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड असते, असा माझा अनुभव आहे.

त्यातून सुटलेली मिनिटे दुसऱ्या कामाने भरू नयेत. रात्री ओटा आवरण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि त्यानंतर स्वयंपाकघर बंद समजावे. सर्वांची पाने झाल्यावर उरलेले खाण्याऐवजी सर्वांबरोबर बसून जेवावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. परंतु रक्त कमी असताना त्या आकड्यामागे धावू नये. एक थांबा आधी उतरून, धाप लागणार नाही इतक्या वेगाने दहा मिनिटे चालणे प्रारंभी पुरेसे आहे.

साधारण महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. गोळ्या नियमित घेऊनही ते वाढले नसेल, तर मात्रा स्वतःहून वाढवू नये. दोन्ही अहवाल आणि पाळीच्या तारखा घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि रक्त नेमके कुठे कमी पडते आहे, हे शोधून घ्यावे.