थडग्यावरची अक्षरं वाचताना

शेजारच्या मावशीच्या पणज्याची कबर शोधायला गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या सिमितेरीत (ख्रिस्ती दफनभूमीत) गेलो, तो हातात तारेचा ब्रश घेऊन. दोनदा घासलं आणि जांभ्याचा भुगाच हातात आला. तेव्हापासून फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड नको, अक्षरांत खडूही भरू नका.

वाचायचं ते सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. ढग असतील तर टॉर्च बाजूने धरा. समोरून धरली तर काही उठत नाही. पोर्तुगीजमधलं ‘आकी जाझ’ म्हणजे ‘इथे विसावला आहे’. त्याच्या पुढे नाव. फोटो मे महिन्यातच काढा, पावसाळ्यात सगळं शेवाळतं. शेजारच्या कबरींचेही काढा, सोयरे बहुधा जवळच निघतात.

गावोगावी जागा अपुरी, त्यामुळे काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात. म्हणजे दगड नाही म्हणून माणूस नव्हता असं नाही. पाद्रींची परवानगी काढून इग्रजीची (म्हणजे चर्चची) मृत्यूनोंद बघा: जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, आडनावाचं स्पेलिंग दर पिढीला वेगळं. फार जुनी पुस्तकं कधी पणजी शहरातल्या पुराभिलेख खात्यात मिळतात. पानं ठिसूळ, बोट ओलं करून उलटू नका. मावशीचा पणजा शेवटी वहीतच सापडला, दगडावर नाही.