वडिलोपार्जित शेतीची वाटणी: अर्ज अडतो तो या चुकांमुळे

वारसनोंद झाली म्हणजे वाटणी झाली, हा गैरसमज सर्वात महागात पडतो. वारस फेरफारामुळे सातबाऱ्यावर फक्त नावं चढतात, बांध पडत नाहीत. त्यानंतर एखादा भाऊ "माझी उत्तरेकडची बाजू" म्हणून विसार घेतो, तेव्हा तो प्रत्यक्षात अविभक्त हिस्सा विकत असतो. घेणारा ताबा मागायला आला की भांडण सुरू होतं.

मृत्यूनंतर 3 महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. खरी गोम असते वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात. लग्न झालेल्या बहिणी, मयत भावाची बायको-मुलं किंवा आई यांतलं एखादं नाव "नंतर बघू" म्हणून गाळलं जातं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150(2) ची नोटीस निघाल्यावर 15 दिवसांत हरकत येते आणि नोंद तक्रारी, म्हणजे वादग्रस्त होते. आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत चौघांना सारखा पाव हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित जमिनीत वडील 9 सप्टेंबर 2005 आधी वारले म्हणून मुलीचा जन्मजात हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. 20 डिसेंबर 2004 आधीच रीतसर झालेल्या वाटण्यांचा प्रश्न मात्र वेगळा.

जुन्या उताऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नाही. बहिणींची नावं कधीकधी 'इतर हक्क' रकान्यात पडून असतात, तीही तपासा. त्यासाठी चालू सातबारा पुरत नाही, 8अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार काढावे लागतात.

बहिणीने हक्क सोडला असं सांगत नोटरी केलेला स्टॅम्पपेपर पुढे केला जातो. त्याने भागत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. क्रमही महत्त्वाचा: आधी तिचं नाव वारस म्हणून लावा, मग हक्कसोड करा. आणि ते नेमकं कोणाच्या लाभात आहे हे लिहा, नाहीतर दुसरा भाऊ "माझ्याही वाट्याला आलं" म्हणून उभा राहतो.

आता प्रत्यक्ष वाटप. सर्वांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मालकीचाच वाद निघाला तर तहसीलदार पुढे जाऊ शकत नाहीत, दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. फेरफाराच्या अपिलांवर वर्षं घालवणारे इथेच फसतात. फेरफार हा महसुलासाठी असतो, त्यातून मालकी ठरत नाही.

कोणाला काय मिळणार याचा वाटपाचा तक्ता करताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक गटात प्रत्येकाला तुकडा देणं. समजा गट 0.50 हेक्टरचा आहे. हा आकडा अर्धा एकर नाही. 50 आर म्हणजे जवळपास सव्वा एकर. तिघांत वाटला तर प्रत्येकी 16.67 आर येतात. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (तुकड्याचं कायद्याने ठरवलेलं किमान माप) 20 आर आणि बागायतीचं 10 आर आहे, म्हणजे जिरायतीत हे वाटप त्याहून लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीत अडकतं. (तुमच्या तालुक्याचा आकडा तहसीलमध्ये विचारून घ्या.) त्यापेक्षा एकाला एक अख्खा गट आणि दुसऱ्याला दुसरा द्या, आणि जमिनीचा सरस-निरसपणा, म्हणजे कस पाहून क्षेत्र कमी-जास्त करा. विहिरीजवळची काळी आणि माळावरची मुरमाड सारख्या मापाने वाटली की पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं.

तक्त्यात या गोष्टी राहून जातात: सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी आणि वीजबिल कोण भरणार, मोटारीचं कनेक्शन कोणाच्या नावे, बोअर कोणाच्या हद्दीत, आतल्या गटाला वाट कुठून आणि किती रुंद, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कोणत्या वाट्यावर. "वाट जुनीच आहे" असं लिहिलं की ती कुठून कुठे जाते याचा पत्ता लागत नाही. चतु:सीमेसह, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींसह लिहा आणि नकाशावर आखा.

सगळ्यात शेवटी मोजणी, आणि बरेच जण ती टाळतात. आदेशाप्रमाणे भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा (गटातला प्रत्येकाचा वाटा) मोजून नकाशा वेगळा झाला नाही, तर सातबारे वेगळे असूनही बांध कुठे घालायचा हा प्रश्न तसाच राहतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस मिळाली आहे ना, तेही पाहा. तो पलीकडचा शेजारी हजर नसेल तर दगड रोवल्यावर तो सहसा सर्वात आधी तक्रार करतो.