पंचवटी सुटायच्या आधी सीएसएमटी अशी बघा

मुंबईतली कामं उरकून आपण नाशिककर सव्वासहाच्या पंचवटी एक्सप्रेससाठी सहाला धापा टाकत सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचतो आणि थेट डब्यात घुसतो. एकदा पाचलाच या, आणि लगेच आत शिरू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या फुटपाथवर उभे राहा. स्टेशनची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे कलतं ऊन तिच्यावर पडून कोरीवकाम उठून दिसतं. भर दुपारी तेच सपाट वाटतं.

नजर वरून खाली आणा. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे ना, ती 'प्रगती'. तिला सर्रास व्हिक्टोरिया समजतात. राणीचा पुतळा होता खाली, घड्याळाखालच्या कोनाड्यात. तो कोनाडा आता रिकामा आहे. भिंतीवर जुन्या रेल्वे कंपनीच्या मंडळींचे चेहरे कोरलेत. त्यांत नाना शंकरशेट शोधायचे. माझ्या भाचीला ते चटकन सापडले नाहीत. माकडं आणि मोर मात्र तिनं आधी टिपले. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत: सिंह ब्रिटनचा, वाघ आपला.

हे सगळं वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम. 1878 ला सुरुवात झाली, 1887 ला राणीचं नाव दिलं, 1888 ला काम पुरं झालं. तुमच्या पाठीमागची महापालिकेची इमारतही त्याचीच, 1893 ची. ठाण्याला गेलेली 1853 ची पहिली गाडी सुटली ती मात्र त्याआधीच्या साध्या बोरीबंदर स्टेशनातून. 1996 ला छत्रपती शिवाजी हे नाव आलं, 2017 ला त्यात 'महाराज' जोडलं गेलं. मधे 2004 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

आता आत चला. घुमटाखाली गाड्या शोधू नका, तिथे मध्य रेल्वेची कार्यालयं आहेत. गाड्या डाव्या अंगाला. रस्त्याच्या बाजूनं शिरलात की आधी लोकलचे 1 ते 7 प्लॅटफॉर्म लागतात. तसेच पुढे चालत राहा, म्हणजे 8 ते 18 बाहेरगावच्या गाड्यांचे. 18 च्या बाजूला पी. डिमेलो रोड. टॅक्सीनं सामानसुमान घेऊन येणार असाल तर तिकडूनच या, लोकलच्या गर्दीत बॅगा ओढायला नकोत.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो पुढेच. नाशिकरोडला गाडी येते आणि पुढे जाते. इथे रूळच संपतात. सुटणाऱ्या गाडीचं इंजिन पार पलीकडे, मशीद बंदर स्टेशनच्या दिशेला. म्हणजे तुम्हाला आधी दिसतो तो शेवटचा डबा. आरक्षण इंजिनाजवळच्या डब्यात असेल तर अख्खी गाडी ओलांडायची आहे, सोबत म्हातारं माणूस असेल तर पावणेसहालाच चालायला लागा. 'चढू कुठेही, आतून जाऊ' हा विचार सोडा. त्या वेळी डब्यांतल्या वाटेत उभं राहायलाही जागा नसते.