कॉमिक्सची गोधडी शिवताना या चुका टाळा

भाच्यासाठी वेताळाची (कॉमिक्समधला मुखवटेवाला नायक, इंग्रजीतला फँटम) गोधडी शिवायला घेतली आणि पहिल्याच चौकटीत ‘धडाम’ उलटं उमटलं, आरशात दिसतं तसं. फ्युजिबल वेबच्या (इस्त्रीने कापडाला चिकटणारी, मागे कागद असलेली गोंदाची जाळी) कागदावर काढलेलं चित्र कापडाच्या मागच्या बाजूला चिकटतं, म्हणून सुलट बाजूने अक्षर पालटतं. खिडकीच्या काचेवर कागद धरून आधीच उलटं गिरवून घ्या. एकेक अक्षर सुटं कापत बसू नका; शिरोरेषेसकट अख्खा शब्द एकसंध कापा, म्हणजे ओळ वाकडी होत नाही. रोमन लिपीत ही सोय नाही!

सगळ्यात महागात पडते ती न सोडलेली माया, म्हणजे शिलाईसाठी ठेवायची जास्तीची कड. 12 इंचांची चौकट हवी म्हणून कापड 12 इंचच कापलं, तर दोन्ही कडांचा पाव-पाव इंच शिलाईत जातो, हाती उरतात साडेअकरा. फुग्यातल्या संवादाचं शेवटचं अक्षर गडप! साडेबारा इंच कापा आणि फुगा कडेपासून इंचभर आत ठेवा. दोन चौकटींमधली पांढरी पट्टी गाळायचा मोह होतो, पण मग चित्रं एकमेकांत घुसतात. दीड इंच कापलेली पट्टी शिवल्यावर एक इंच राहते.

मांजरपाट आधी धुऊन घ्या. आतले जुन्या साड्यांचे थर आटून झालेले असतात. वरचं कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळीकडे चुण्या पडतात. लाल-काळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग लागत असेल तर मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, कापडच बदला.

इंद्रजाल कॉमिक्सचं (सुरुवात 1964) जुनं पान मोठं करून छापलं, तर छपाईचे ठिपके वाटाण्याएवढे दिसू लागतात. मला ते आवडतात. तुम्हाला नको असतील तर रेषा नव्याने गिरवा. इस्त्रीने उमटवायचा ट्रान्स्फर पेपर मात्र गोधडीला नकोच. रोजच्या घड्यांवर त्याला भेगा पडतात.

काळी बाह्यरेषा मशीनवर दाट टाक्याने घालताना कापड गोळा होतं. खाली साधा कागद ठेवा, नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

थर आधी कच्च्या टाक्यांनी बांधा आणि मधून कडेकडे शिवत जा. वेताळाच्या काळ्या मुखवट्यावरून पांढरा धावदोरा गेला की तोंडावर पाऊस पडल्यासारखं दिसतं. चेहऱ्याभोवती रेषेलगत टाके घाला आणि धावदोऱ्याची हौस मागच्या आभाळात भागवा.