एबीसी आयडी प्रवेशाच्या टेबलावरच उरका

सांगली-साताऱ्यातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे एबीसी आयडी (श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला खाते क्रमांक) काढायचं काम परीक्षा अर्जापर्यंत लांबवू नये. हा आयडी डिजीलॉकर या सरकारी ॲपवर काढतात, आणि ते उघडायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो फोन वडिलांच्या खिशात, उसाच्या फडात असेल तर सगळं अडतं. म्हणून प्रवेशाच्या सूचनेतच ‘तोच फोन आणा’ असं लिहा.

१२ अंकी आयडी हातानं उतरवू नका, कॉपी-पेस्ट करा. एक्सेलचा तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ‘१.२३४५७ई+११’ असं दिसतं, आणि तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) सेव्ह केली की मूळ अंक गेलेच.

खरी डोकेदुखी नावांची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. जुळलं नाही तर श्रेयांक अडकू शकतात. स्पेलिंग त्याच दिवशी ताडून पाहा, चूक असेल तर दुरुस्ती पहिल्याच सत्रात करून घ्या.