दातांच्या दवाखान्याची ओळख आधी मोबाइलवर

ऑटिझम असलेल्या मुलाला पुढे काय होणार हे कळलं नाही की दवाखान्यात फार त्रास होतो. म्हणून दवाखान्याची परवानगी घेऊन, जिथे दात तपासणार त्याच खोलीचा, त्याच खुर्चीचा दोनेक मिनिटांचा व्हिडिओ काढा. मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. खुर्ची मागे झुकते, दिवा लागतो, थुंकी ओढणारी नळी घरघरते, हे सगळं क्रमाने यायला हवं. किमान आठवडाभर रोज दाखवा. आधी आवाज बंद, मग थोडाथोडा वाढवा. मुलाने कान झाकले की एक पायरी मागे या. घाई केलीत तर व्हिडिओचीच धास्ती बसते. खुर्चीत बसल्यावर वेळ सरेल तसा रंगीत भाग कमी होत जाणारा टायमर समोर ठेवा, आणि तो संपला की खरोखर थांबायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या.