शाईडाग चाचणीची जुनी कार्डे : अस्सल संच कसा पारखावा

शाईच्या डागांत काय दिसते हे विचारून मनाचा अंदाज घेणाऱ्या चाचणीची जुनी कार्डे मराठवाड्यात शोधायची असतील, तर जुन्या बाजाराआधी महाविद्यालयांच्या मानसशास्त्र प्रयोगशाळांकडे पाहावे. डेडस्टॉक नोंदवहीतील (टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीतील) साहित्याचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणे, होऊन ते लिलावात निघते, तेव्हा स्टॉपवॉच आणि भूलभुलैयाच्या फळ्यांसोबत असा एखादा खोका हाती लागतो. पावती घ्यावी, महाविद्यालयाचा शिक्का आहे पण निर्लेखनाचा कागद नाही, अशा संचाला हात लावू नये.

या चाचणीचे स्विस जनक हर्मन रोर्शाक यांच्या नावाच्या संचात दहा कार्डे असतात. पहिले आणि चौथे ते सातवे काळे-करडे, दुसऱ्या-तिसऱ्यात लाल रंगाची भर, शेवटची तीन बहुरंगी. पंचेचाळीस कार्डे निघाली, तर तो बहुधा होल्ट्झमन या दुसऱ्या शाईडाग चाचणीचा १९६१ चा संच. त्याचा संग्रह वेगळा ठेवावा.

यानंतरची पायरी खरी कसोटीची असून तिने मला सर्वांत जास्त छळले आहे. स्विस संच महाग पडत असल्यामुळे प्रात्यक्षिकांसाठी झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेली कार्डे आपल्याकडे सर्रास वापरली गेली, आणि विक्रेते तीच आज ‘दुर्मीळ’ म्हणून पुढे करतात. ‘कागद पिवळा पडला म्हणजे माल जुना’ हा सल्ला निव्वळ फसवा आहे, कारण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कोणताही कागद पिवळा पडतो.

पाहायच्या असतात त्या करड्या छटा. १९२१ मध्ये हर्मन रोर्शाक यांची कार्डे छापून आली, तेव्हा मूळच्या सपाट काळ्या भागांत छपाईमुळे गडद-फिक्या छटा उतरल्या होत्या. त्यांनी त्या दोष मानून टाकून न देता चाचणीतच सामावून घेतल्या. म्हणून चौथे आणि सहावे कार्ड खिडकीपाशी तिरपे धरावे आणि भिंगातून पाहावे. अस्सल कार्डात डागाच्या आतला काळा रंग धुरासारखा विरत करडा होतो, तर झेरॉक्समध्ये तो एकसारखा काळाठिक्कर होतो, तिरप्या उजेडात टोनरचा थर चकाकतो आणि घडीपाशी त्याचे पोपडे सुटतात. सातवे कार्ड मुळातच फिके असते. ते गडद दिसले, तर पुढे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

पाठीमागे १९२१ हे स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) साल दिसले, तरी छपाई तेव्हाचीच असे धरू नये, कारण ते नंतरच्या आवृत्त्यांवरही येते. प्रकाशकाचे नाव वाचावे : पहिले प्रकाशक बर्नचे अर्न्स्ट बिर्खर, पुढचे त्याच शहरातले हान्स हूबर. हूबरचा संच स्वस्तात मिळाला तर जरूर घ्यावा, मात्र त्याला पहिल्या आवृत्तीचा भाव देऊ नये.

खोक्यात भरलेल्या उत्तरपत्रिका निघाल्या, तर त्या मुळीच विकत घेऊ नयेत. त्या कोणाच्या तरी आजारपणाच्या खासगी नोंदी असतात. त्या संस्थेकडे परत पाठवायला विक्रेत्याला सांगावे. कार्डांचे फोटोही व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत, कारण ही चाचणी आजही वापरली जाते आणि डाग आधीच पाहिलेल्या माणसाची उत्तरे तितकी उत्स्फूर्त राहत नाहीत.

लॅमिनेशन कदापि करू नये. आम्लरहित कागदात गुंडाळून कार्डे आडवी ठेवावीत आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.